क्लिंगॉन भाषा

क्लिंगॉन भाषा : स्टार ट्रेक या अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी-मालिकेतील व तीवर आधारलेल्या चित्रपटांतील क्लिंगॉन नावाच्या काल्पनिक परग्रहवासी जमातीची भाषा म्हणून रचण्यात आलेली कृत्रिम भाषा. मार्क ओक्रँड (१९४८– ) या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने ती १९८४ साली प्रदर्शित झालेल्या स्टार ट्रेक ३ : द सर्च फॉर स्पॉक या चित्रपटासाठी सिद्ध केली आणि तिचे व्याकरण व शब्दसंग्रह द क्लिंगॉन डिक्शनरी (१९८५) या ग्रंथात प्रसिद्ध केला. या भाषेचे तिच्यातीलच नाव ‘त्लिंगन खोल’ असे असून त्यातील ‘खोल’ या शब्दाचा अर्थ भाषा असा आहे. (या नोंदीत क्लिंगॉन शब्दांचे देवनागरी लेखन स्थूलमानाने उच्चार दाखविणारे आहे.) केवळ पडद्यावरील काही संवादांपुरती योजलेली ही भाषा पुढे वाङ्‌मयीन अनुवाद, नियतकालिक, वार्षिक संमेलन आणि न्यायालयीन वाद यांचा विषय झाली. एका व्यक्तीने रचलेली भाषा केव्हा व कशामुळे इतरांची होते, या प्रश्नाच्या दृष्टीने तिचा इतिहास उद्‌बोधक आहे.

पार्श्वभूमी : भाषा बुद्धिपुरस्सर रचण्याचे प्रयत्न यूरोपात सतराव्या शतकापासून आढळतात. जॉन विल्किन्झ या इंग्रज विद्वानाने १६६८ मध्ये सर्व ज्ञेय वस्तूंच्या वर्गीकरणावर आधारलेल्या तात्त्विक भाषेचा आराखडा मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान मार्टिन श्लायर याची व्होलाप्यूक आणि लुडविक झामेनहॉफ याची एस्पेरांतो (१८८७) या भाषा आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या हेतूने निर्माण झाल्या. विसाव्या शतकात जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज भाषाभ्यासकाने आपल्या कल्पित विश्वातील लोकांसाठी क्वेन्या आणि सिंदारिन या भाषा रचल्या. त्यांमागील प्रेरणा व्यवहाराची नसून कलात्मक होती. क्लिंगॉन भाषेचा अंतर्भाव या तिसऱ्या, म्हणजे कलात्मक भाषांच्या वर्गात केला जातो.

चित्रपट व दूरचित्रवाणी या माध्यमांत अशा भाषेची गरज वेगळ्या प्रकारची असते. कादंबरीतील परकी भाषा वाचकाला केवळ दिसते, तर पडद्यावरील भाषा नटाला उच्चारावी लागते व प्रेक्षकाला ऐकू येते. प्रारंभीच्या विज्ञानकथात्मक मालिकांनी ही अडचण टाळण्याचाच मार्ग पत्करला होता. परग्रहावरील पात्रे सरसकट इंग्रजी बोलत आणि त्याचे समर्थन म्हणून सर्व भाषांचे तत्काळ भाषांतर करणारे एखादे यंत्र कथेत योजले जाई. दूरचित्रवाणीसाठी भाषावैज्ञानिकाकडून भाषा रचून घेण्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून लँड ऑफ द लॉस्ट (१९७४–७६) या बालमालिकेतील ‘पाकुनी’ या भाषेचा उल्लेख केला जातो. ती व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या कॅलिफोर्निया विद्यापीठातील विदुषीने आदिमानवसदृश पात्रांसाठी तयार केली होती.

स्टार ट्रेक ही जीन रॉडनबेरी याची मालिका एन्‌बीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी-जालावरून ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात प्रक्षेपित झाली. तिचे एकूण ७९ भाग झाले. तिचा प्रथम प्रक्षेपणातील प्रेक्षकवर्ग मर्यादित होता. तथापि १९७० नंतरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांवरून झालेल्या पुनःप्रक्षेपणांमुळे तिला निष्ठावान चाहतावर्ग लाभला. तीत अंतराळयानाचा प्रमुख कर्क याची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर याने मालिका सुरू होण्यापूर्वी इन्क्यूबस (१९६६) या संपूर्णतः एस्पेरांतो भाषेतील चित्रपटात काम केले होते, हा एक लक्षणीय योगायोग होय.

क्लिंगॉन हे या मालिकेतील प्रतिपक्षाचे युद्धप्रिय साम्राज्य. ‘एरँड ऑफ मर्सी’ (२३ मार्च १९६७) या भागात ते प्रथम अवतरले. शीतयुद्धकालीन प्रतिस्पर्धी सत्तेची छाया त्यांच्या चित्रणावर पडल्याचे समीक्षक मानतात. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ (२९ डिसेंबर १९६७) या भागात त्यांच्या भाषेचा ओझरता उल्लेख येतो. पण मूळ मालिकेत ती भाषा एकदाही ऐकू येत नाही. तिचे पहिले शब्द स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर (१९७९) या चित्रपटाच्या आरंभी येतात. ते मालिकेत अभियंत्याची भूमिका करणारा नट जेम्स डूअन याने केवळ नाद लक्षात घेऊन जुळविले होते. त्यांमागे व्याकरण नव्हते.

निर्मिती : ओक्रँड याचा जन्म लॉस अँजेल्स येथे झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७७ मध्ये त्याने डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध मुत्सुन या भाषेच्या व्याकरणावर होता. ही कॅलिफोर्नियातील सान हुआन बाउतिस्ता परिसरातील आदिवासींची भाषा. ती अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती, आसेन्स्योन सोलोर्सानो ही वृद्धा, १९३० मध्ये मरण पावली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील फेलीपे आर्रोयो दे ला क्वेस्ता या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने केलेल्या आणि विसाव्या शतकात जे. पी. हॅरिंग्टन या संशोधकाने घेतलेल्या नोंदींवरूनच ओक्रँडला तिचे व्याकरण मांडावे लागले. बोलणारे कोणी उरलेले नसताना तुटपुंज्या शब्दांवरून संपूर्ण व्यवस्था उभी करण्याचा हा अनुभव त्याला पुढे अनपेक्षित रीतीने उपयोगी पडला.

यानंतर कर्णबधिर प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणी-कार्यक्रमांना लिखित संवाद पुरविणाऱ्या संस्थेत तो काम करू लागला. त्या कामानिमित्त १९८२ मध्ये लॉस अँजेल्स येथे गेला असता स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान या चित्रपटातील एका लहान प्रसंगासाठी व्हल्कन या दुसऱ्या परग्रहवासी जमातीच्या भाषेतील वाक्ये रचण्याचे काम त्याच्याकडे आले. प्रसंगाचे चित्रीकरण आधीच इंग्रजीत झालेले होते. त्यामुळे नटांच्या ओठांच्या हालचालींशी जुळतील, परंतु इंग्रजी वाटणार नाहीत, असे ध्वनी त्याला निवडावे लागले. हे काम साधल्यावर पुढील चित्रपटासाठी क्लिंगॉन संवाद रचण्याचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले.

या वेळी त्याने आधी व्यवस्था व मग वाक्ये असा क्रम स्वीकारला. डूअनने योजलेले शब्द पडद्यावर गेलेले असल्याने ते नाकारता येत नव्हते. त्यांतील ध्वनी आणि अक्षररचना ओक्रँडने पायाभूत मानली, त्यांत नव्या ध्वनींची भर घातली आणि जुन्या वाक्यांचे चित्रपटात दिलेल्या अर्थांशी जुळणारे व्याकरणिक पृथक्करण मागाहून केले. चित्रीकरणाच्या वेळी तो उपस्थित राहून नटांना उच्चार शिकवीत असे. नटाकडून उच्चारात चूक झाली व ते दृश्य तसेच ठेवले गेले, तर चुकीचा उच्चार योग्य ठरेल असा बदल तो शब्दसंग्रहात वा व्याकरणात करी. संकलनाच्या वेळी पडद्यावरील इंग्रजी भाषांतर बदलले गेले, तर उच्चारलेल्या ध्वनींना नवा अर्थ देणे त्याला भाग पडे. परिणामी मूळच्या काटेकोर आराखड्यात अपवाद, पर्यायी रूपे व समोच्चारी शब्द शिरले. नैसर्गिक भाषांत अशा अनियमितता शतकांच्या वापरातून निर्माण होतात. येथे त्या काही आठवड्यांच्या चित्रीकरणातून निर्माण झाल्या आणि भाषेला जिवंत भाषेचे स्वरूप येण्यास त्यांनीही हातभार लावला.

ध्वनिव्यवस्था व लेखन : क्लिंगॉन भाषेत २१ व्यंजने व ५ स्वर आहेत. यांतील प्रत्येक ध्वनी कोणत्या ना कोणत्या मानवी भाषेत आढळतो. नटांना ते उच्चारता येणे आवश्यक असल्यामुळे याला पर्याय नव्हता. भाषेचा परकेपणा ध्वनींच्या निवडीत आहे. सामान्यतः मानवी भाषांतील ध्वनी समतोल गटांनी येतात. उदा., मराठीत त-थ-द-ध या दंत्य आणि ट-ठ-ड-ढ या मूर्धन्य वर्णांच्या पूर्ण मालिका आहेत. क्लिंगॉनमध्ये मात्र ‘ड’सारखा घोष मूर्धन्य स्फोटक आहे, पण त्याचा अघोष जोडीदार ‘ट’ नाही. जिभेचे टोक पुढे टेकवून उच्चारलेला, थोडासा महाप्राण ‘त’ आहे, पण ‘द’ नाही. ‘स’ व ‘श’ यांऐवजी संस्कृतमधील ‘ष’शी जुळणारा मूर्धन्य घर्षक आहे. ‘क’ हा साधा ध्वनी अजिबात नाही. त्याऐवजी जिभेचा मागचा भाग पडजिभेला भिडवून उच्चारले जाणारे दोन ध्वनी आहेत. त्यांपैकी एक अरबी-फार्सीतील ‘क़’सारखा, तर दुसरा त्याहून कर्कश व घर्षणयुक्त आहे. इंग्रजी भाषकाला अवघड जाणारे ‘ड’ व ‘ष’ हे ध्वनी मराठी वाचकाला मात्र परके वाटत नाहीत.

भाषेच्या नावाच्या प्रारंभी येणारा ‘त्ल’ हा ध्वनी जिभेचे टोक वर टेकवून व हवा जिभेच्या बाजूंनी जोराने सोडून काढला जातो. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत त्याच्याशी मिळताजुळता ध्वनी आहे. याखेरीज कंठातील स्वरतंतू क्षणभर मिटून होणारा स्फोट हेही येथे स्वतंत्र व्यंजन असून या नोंदीत ते (’) या चिन्हाने दर्शविले आहे. स्वराने शब्दाचा आरंभ होत नाही. प्रत्येक अक्षराच्या आरंभी व्यंजन असावेच लागते.

लेखनासाठी व्यवहारात रोमन लिपी वापरतात. नटांना विशेष उच्चारांची जाणीव राहावी म्हणून ओक्रँडने काही ध्वनी मोठ्या रोमन अक्षरांनी दर्शविले. ही सोय पुढे नियम बनली आणि लहान व मोठे अक्षर हे दोन भिन्न ध्वनी दाखवू लागले. पडद्यावर शोभेसाठी वापरलेल्या टोकदार चिन्हांवरून चाहत्यांनी ‘पिकाड’ नावाची वर्णमालाही सिद्ध केली. जगातील लिप्यांना संगणकीय संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण व्यवस्थेत तिचा समावेश करण्याचा प्रस्ताव १९९७ मध्ये मांडण्यात आला होता. तो २००१ मध्ये फेटाळण्यात आला. या भाषेचा वापर करणारेच प्रामुख्याने रोमन लिपीत लिहितात, ही गोष्ट तिच्या विरोधात गेली.

व्याकरण : वाक्यातील पदक्रम हे या भाषेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद व इंग्रजीत कर्ता-क्रियापद-कर्म असा क्रम असतो. क्लिंगॉनमध्ये तो कर्म-क्रियापद-कर्ता असा आहे. उदा., ‘लोड लेघ बे’’ या वाक्यात ‘लोड’ म्हणजे पुरुष, ‘लेघ’ म्हणजे पाहणे आणि ‘बे’’ म्हणजे स्त्री. परंतु त्याचा अर्थ ‘स्त्री पुरुषाला पाहते’ असा होतो. नामांना कर्ता व कर्म दाखविणारे विभक्तिप्रत्यय नसल्यामुळे अर्थनिर्णय पदक्रमावरच अवलंबून असतो. हा क्रम मानवी भाषांत अतिशय विरळ आहे. ब्राझीलमधील हिश्कार्याना या कॅरिब भाषेत तो असल्याचे डेझ्मंड डर्बिशर या अभ्यासकाने १९७७ मध्ये दाखवून दिले, तोपर्यंत तो कोणत्याही भाषेचा मूळ क्रम असू शकेल काय, याविषयी अभ्यासकांना शंका होती. परकेपणा साधण्यासाठी ओक्रँडने हाच क्रम निवडला.

भाषा प्रत्ययप्रधान आहे. म्हणजे मूळ शब्दाला ठरावीक क्रमाने प्रत्यय जोडत जाऊन अर्थविस्तार केला जातो. क्रियापदाच्या आधी लागणारा उपसर्ग कर्ता व कर्म या दोहोंचा एकाच वेळी बोध करून देतो. ‘लेघ’ या धातूपासून ‘विलेघ’ (मी त्याला पाहतो), ‘कालेघ’ (मी तुला पाहतो) व ‘चोलेघ’ (तू मला पाहतोस) अशी रूपे होतात. मराठीत क्रियापद प्रयोगानुसार कर्त्याशी किंवा कर्माशी जुळते. येथे ते दोघांशी जुळते, असे म्हणता येईल. धातूनंतरच्या प्रत्ययांचे नऊ वर्ग असून एका वर्गातील एकच प्रत्यय घेता येतो व वर्गांचा क्रम बदलता येत नाही. नकारदर्शक ‘बे’’ हा प्रत्यय मात्र फिरता आहे आणि ज्या घटकानंतर तो येतो, त्याचाच निषेध करतो. त्यामुळे ‘लेघविपबे’’ म्हणजे ‘पाहण्यास भीत नाही’, तर ‘लेघबे’विप’ म्हणजे ‘न पाहण्यास भितो’. यातील ‘विप’ हा प्रत्यय भीती दर्शवितो. क्लिंगॉन ही योद्ध्यांची जात कल्पिलेली असल्यामुळे ‘मी’ व ‘आम्ही’ या कर्त्यांबरोबर तो सहसा वापरला जात नाही. जमातीचा कल्पित स्वभाव व्याकरणात मुरविल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

क्रियापदाला भूत, वर्तमान, भविष्य असे काळ नाहीत. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, एवढेच प्रत्ययांनी दाखवितात व काळाचा बोध संदर्भाने होतो. वेगळी विशेषणे नाहीत. ‘मोठा असणे’, ‘लाल असणे’ अशा अर्थाचे धातूच नामानंतर ठेवून विशेषणाचे कार्य करतात. ‘असणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदही नाही; त्याचे काम सर्वनामाकडून करून घेतले जाते. नामांचे तीन गट मानलेले असून प्रत्येकाचा अनेकवचनी प्रत्यय निराळा आहे : बोलू शकणाऱ्या प्राण्यांसाठी ‘पु’’, शरीराच्या अवयवांसाठी ‘डु’’ आणि इतर सर्वांसाठी ‘मेय’. बोलणाऱ्यांच्या नामाला ‘मेय’ जोडल्यास ‘इतस्ततः विखुरलेले’ अशी अर्थच्छटा येते. मोठेपणा व लहानपणा दाखविणारे प्रत्ययही आहेत. उदा., ‘केप’ (सभा), ‘केप’आ’’ (महासभा), ‘केपखोम’ (लहान सभा).

शब्दसंग्रह : चित्रपटांच्या गरजेतून आलेला असल्यामुळे मूळ शब्दसंग्रह एकांगी होता. युद्ध, शस्त्रे, अंतराळयान व त्याचे भाग यांना शब्द होते, तर घरगुती व्यवहारातील अनेक साध्या वस्तूंना नव्हते. भेटीच्या वेळचे शिष्टाचाराचे अभिवादन नाही. त्या जागी ‘नुकनेख’ हा शब्द येतो व त्याचा अर्थ ‘तुला काय हवे आहे?’ असा आहे. निरोप घेताना किंवा शुभेच्छा देताना वापरला जाणारा ‘कप्ला’’ हा शब्द यशवाचक असून या भाषेतील तोच सर्वाधिक प्रसिद्ध शब्द असावा. ओक्रँडने काही शब्दांत विनोद दडविले आहेत. उदा., जोडी या अर्थाचा ‘चांग’एंग’ हा शब्द चांग व एंग या सुप्रसिद्ध सयामी जुळ्या बंधूंच्या नावांवरून घेतला आहे.

नवे शब्द कोणी घडवायचे, याविषयी भाषकांनी स्वतःहून एक कडक मर्यादा पाळली आहे : ओक्रँडने दिलेला शब्दच अधिकृत मानायचा. भाषकांकडून हव्या असलेल्या शब्दांच्या याद्या त्याच्याकडे जातात व तो त्यांपैकी काहींना उत्तरे देतो. या व्यवहारालाही एका कथेचे आवरण दिलेले आहे. तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी कैद झालेला माल्त्झ नावाचा क्लिंगॉन हा ओक्रँडचा माहितगार असून ओक्रँड केवळ त्याच्याकडून ऐकलेले शब्द टिपून घेतो, असे मानले जाते. क्षेत्रीय भाषाविज्ञानात संशोधक आणि भाषक यांचा जो संबंध असतो, त्याचे हे लाघवी अनुकरण होय. कोशाच्या १९९२ च्या वाढीव आवृत्तीत व क्लिंगॉन फॉर द गॅलॅक्टिक ट्रॅव्हलर (१९९७) या ग्रंथात बरीच भर पडली. त्यानंतरही शब्दसंख्या वाढत राहिली आहे.

प्रसार : द क्लिंगॉन डिक्शनरीच्या लाखांहून अधिक प्रती खपल्या. ग्राहकांपैकी बहुतेकांनी तो स्मरणवस्तू म्हणून घेतला असला, तरी काही थोड्यांनी त्याचा व्याकरण म्हणून अभ्यास केला. अशा अभ्यासकांना एकत्र आणण्यासाठी लॉरेन्स शोन या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. संस्थेने खोलकेड हे त्रैमासिक चालविले, भाषेच्या परीक्षा सुरू केल्या व १९९४ पासून ‘केप’आ’’ या नावाची वार्षिक संमेलने भरविली. भाषेला २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण संकेतसूचीत स्वतंत्र संकेत मिळाला आणि २०१८ मध्ये ड्युओलिंगो या भाषाशिक्षणाच्या संगणकीय माध्यमावर तिचा पाठ्यक्रम सुरू झाला. तरीही ती अस्खलितपणे बोलणाऱ्यांची संख्या अत्यल्पच आहे.

ज्या माध्यमातून ती जन्मली, तेथे तिचा वापर मात्र विषम राहिला. स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन (१९८७–९४) व तिच्यानंतरच्या काही मालिकांत लेखकांनी अनेकदा ओक्रँडचे व्याकरण न पाहता केवळ नादावरून वाक्ये रचली. याउलट, २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्टार ट्रेक : डिस्कव्हरी या मालिकेसाठी रॉबिन स्ट्युअर्ट या कॅनडातील अभ्यासिकेने दीर्घ व व्याकरणशुद्ध संवाद रचले. त्यामुळे चाहत्यांनी जतन केलेले ज्ञान निर्मात्यांकडे परत आले.

अनुवाद व नाट्य : स्टार ट्रेक ६ : द अनडिस्कव्हर्ड कंट्री (१९९१) या चित्रपटातील एक पात्र शेक्सपिअरची खरी गोडी मूळ क्लिंगॉनमधूनच कळते, असा विनोदी दावा करते. त्याच चित्रपटासाठी हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताच्या पहिल्या ओळीचे भाषांतर ओक्रँडला करावे लागले. ज्या भाषेत ‘असणे’ हे क्रियापदच मुद्दाम ठेवलेले नव्हते, तीत अस्तित्वाविषयीचा प्रश्न कसा विचारावा, असा पेच उभा राहिला. जगणे या अर्थाच्या धातूचा त्याने प्रथम केलेला उपयोग नट क्रिस्टोफर प्लमर याला पुरेसा जोरकस वाटला नाही. तेव्हा ‘टिकून राहणे, चालू राहणे’ या अर्थाच्या ‘ताख’ या धातूची योजना करण्यात आली. उणीव भरून काढताना भाषेला नवे सामर्थ्य कसे लाभते, हे या प्रसंगातून दिसते.

चित्रपटातील विनोद खरा करण्याच्या ईर्ष्येने निक निकोलस व अँड्र्यू स्ट्रेडर यांनी संपूर्ण हॅम्लेट नाटकाचा अनुवाद केला (१९९६). त्यानंतर गिल्गामेश महाकाव्य व ताओ ते चिंग यांचेही अनुवाद झाले. नेदर्लंड्‌समधील हेग येथे २०१० मध्ये संपूर्णतः या भाषेतील ‘उ’ (विश्व) हे संगीतक सादर करण्यात आले.

मातृभाषेचा प्रयोग : एका अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९९४ पासून सुमारे तीन वर्षे आपल्या नवजात मुलाशी केवळ क्लिंगॉनमध्येच बोलण्याचा प्रयोग केला. घरात इतर माणसे इंग्रजी बोलत. मुलाला शब्द व वाक्यरचना आकलन होत असल्याचे आढळले. परंतु नित्याच्या घरगुती वस्तूंना शब्द अपुरे पडत आणि वडिलांखेरीज ती भाषा बोलणारे आसपास कोणी नव्हते. काही काळाने मुलाने त्या भाषेत उत्तरे देणे सोडले व प्रयोग थांबला. व्याकरण परिपूर्ण असले, तरी भाषा पुढच्या पिढीकडे जाण्यासाठी समाज लागतो, हा निष्कर्ष यातून स्पष्ट होतो.

स्वामित्वाचा वाद : स्टार ट्रेकच्या कथाविश्वावर आधारित चित्रपट वर्गणीच्या पैशातून काढू पाहणाऱ्या ॲक्झनार प्रॉडक्शन्स या मंडळीविरुद्ध पॅरामाउंट व सीबीएस या कंपन्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा लावला. आपल्या मालकीच्या घटकांची जी यादी त्यांनी दिली, तीत क्लिंगॉन भाषेचाही समावेश होता. यावर कृत्रिम भाषा रचणाऱ्यांच्या ‘लँग्वेज क्रिएशन सोसायटी’ या संस्थेने २०१६ मध्ये न्यायालयाला निवेदन सादर करून आक्षेप घेतला. कोश हा ग्रंथ म्हणून कोणाच्या स्वामित्वाचा असू शकेल. पण शब्द व व्याकरण ही विचार व्यक्त करण्याची साधने असून त्यांनी नवे वाक्य रचण्याचा अधिकार कोणालाही राखून ठेवता येणार नाही, असा संस्थेचा युक्तिवाद होता. उलटपक्षी, ज्यांच्याशी बोलावे असे क्लिंगॉन लोक अस्तित्वातच नसल्यामुळे ही भाषा संपर्काचे खरे साधन नाही, अशी कंपन्यांची भूमिका होती. त्या टप्प्यावर भाषेच्या स्वामित्वाचा निर्णय देण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि जानेवारी २०१७ मध्ये तडजोडीने दावा मिटला. मूळ प्रश्न अशा रीतीने अनिर्णित राहिला.

मूल्यमापन : क्लिंगॉन भाषेला एस्पेरांतोप्रमाणे विश्वबंधुत्वाचे ध्येय नाही, की टॉल्किनच्या भाषांप्रमाणे दीर्घ कल्पित इतिहास नाही. तिचे यश प्रामुख्याने दोन गोष्टींवर उभे आहे : निर्मात्याने क्षुल्लक प्रसंगासाठीही व्यवस्थेशी राखलेले इमान आणि भाषकांनी स्वेच्छेने स्वीकारलेली शिस्त. व्याकरण ग्रंथरूपाने उपलब्ध झाल्यामुळे प्रेक्षकाला निर्मात्याच्या परवानगीविना नवे वाक्य रचता आले आणि तेथूनच तो केवळ प्रेक्षक राहिला नाही. हाच मार्ग पुढे अवतार (२००९) या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर याने रचलेल्या नावी व गेम ऑफ थ्रोन्स (२०११–१९) या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन याने विकसित केलेल्या दोथ्राकी या भाषांनी अनुसरला.

ओक्रँडने प्रथम अभ्यासिलेल्या मुत्सुन भाषेची तुलना या संदर्भात अपरिहार्य ठरते. त्या भाषेच्या वारसांनी १९९० नंतर तिच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले आणि २०१६ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध झाला. एका भाषेचे भाषक नाहीसे झाले होते, तर दुसरीचे कधी अस्तित्वातच नव्हते. तरीही दोन्ही ठिकाणी कागदावरील व्याकरणातून बोली उभी करण्याचे कार्य आरंभावे लागले. मात्र मुत्सुनच्या वारसांसाठी भाषा परत मिळविणे म्हणजे आपल्या पूर्वजांशी तुटलेला संबंध जोडणे होय. क्लिंगॉनमागे असा समाज व असे दुःख नाही. म्हणूनच तिच्याविषयीचे कौतुक ऱ्हास पावणाऱ्या भाषांच्या जतनाला पर्याय ठरू शकत नाही. व्यवस्थित नोंदले गेलेले व्याकरण भाषेला आश्रय देऊ शकते आणि ती प्रत्यक्ष बोलू इच्छिणारी माणसेच तिला जिवंत ठेवू शकतात, याची साक्ष मात्र या दोन्ही भाषा देतात.